तुलना नेमकी कशाशी? फोटॉनिक स्फटिकातील क्वांटम बिंदूंच्या उत्सर्जनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका लहान प्रयोगशाळेतील आहे. ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यामागील भौतिकी मात्र जशीच्या तशी ठेवली आहे. गटात तिघे जण होते: मार्गदर्शक प्राध्यापिका, नमुने तयार करणारा पीएचडीचा विद्यार्थी आणि प्रकाशमापनाची जबाबदारी सांभाळणारी, पीएचडी पूर्ण केलेली संशोधक. प्रस्तुत लेखक या गटाचा सदस्य नव्हता. काम अर्ध्यावर आले असताना मापनांकडे त्रयस्थ नजरेने पाहावे यासाठी त्याला बोलावण्यात आले होते.

गटाचे उद्दिष्ट एका वाक्यात सांगता येण्याजोगे होते: फोटॉनिक स्फटिकात, म्हणजे अपवर्तनांक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या प्रमाणात आवर्ती रीतीने बदलणाऱ्या रचनेत, ठेवलेल्या उत्सर्जकाचा स्वयंस्फूर्त उत्सर्जनाचा वेग बदलतो हे मोजून दाखवायचे. उत्तेजित अणू प्रकाश देऊन खालच्या पातळीवर येतो तेव्हा त्याला लागणारा सरासरी वेळ, म्हणजे आयुःकाल, हा अणूचा जन्मजात गुण आहे, अशी समजूत बराच काळ होती. आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या गुणांकांकडेही तसेच पाहिले जात असे. पर्सेल यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले की अनुनादी पोकळीत हा वेग वाढू शकतो. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस ड्रेक्सहाग यांनी युरोपियमयुक्त रेणूंचा पातळ थर आरशापासून वेगवेगळ्या अंतरांवर ठेवला, तेव्हा अंतरानुसार त्या रेणूंचा आयुःकाल वरखाली होताना दिसला. १९८५ मध्ये क्लेपनर यांच्या गटाने दोन समांतर धातूपट्ट्यांमधून जाणाऱ्या अतिउत्तेजित सीझियम अणूंचा आयुःकाल किमान वीसपट वाढवून दाखवला. रेणू तेच होते, अणू तेच होते. बदलली होती ती भोवतालची जागा.

यामागचे कारण असे की, उत्सर्जनाचा वेग दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो. एक म्हणजे अणूच्या संक्रमणाची स्वतःची ताकद आणि दुसरी म्हणजे त्या वारंवारतेच्या फोटॉनला त्या नेमक्या जागी किती अवस्था उपलब्ध आहेत हे. दुसऱ्या राशीला स्थानिक अवस्था-घनता म्हणतात. मोकळ्या अवकाशात ती सगळीकडे सारखी असते आणि म्हणूनच ती लक्षात येत नाही. अपवर्तनांक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या प्रमाणात आवर्ती रीतीने बदलत असेल, तर मात्र काही वारंवारतांना अवस्था कमी मिळतात, काहींना जास्त, आणि पूर्ण पट्टा-अंतराल (कोणत्याच दिशेने प्रकाश जाऊ शकत नाही असा वारंवारतांचा पट्टा) असलेल्या स्फटिकात काहींना मुळीच मिळत नाहीत. आवर्ती रचनेत उत्सर्जन रोखता येईल ही कल्पना बायकोव्ह यांनी १९७२ मध्ये मांडली होती. १९८७ मध्ये याब्लोनोविच यांनी उत्सर्जन रोखण्याच्या अंगाने आणि सजीव जॉन यांनी प्रकाशाच्या स्थानिकीकरणाच्या अंगाने ती स्वतंत्रपणे पुढे नेली, आणि या क्षेत्राला खरी सुरुवात झाली.

गटाने निवडलेली सामग्री परिचित होती. पॉलिस्टायरीनचे एकसारख्या व्यासाचे गोळे द्रवातून सावकाश बसू दिले की ते आपोआप दाटीने रचले जातात. त्यांच्या फटींमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे पूर्वद्रव्य भरून नमुना सुमारे ४५० अंश सेल्सिअसला तापवला की गोळे जळून जातात आणि हवेच्या पोकळ्यांची जाळी उरते. या रचनेला उलटा ओपल म्हणतात. उत्सर्जक म्हणून कॅडमियम सेलेनाइडचे क्वांटम बिंदू घेतले होते. काही नॅनोमीटरच्या या कणांत ऊर्जापातळ्या सुट्या-सुट्या असतात, म्हणून त्यांना कृत्रिम अणू म्हणण्याची प्रथा आहे. निवडलेल्या बिंदूंचे उत्सर्जन ६१० नॅनोमीटरच्या आसपास होते. टोल्युइनमधील त्यांचे विरळ द्रावण स्फटिकात झिरपू द्यायचे आणि टोल्युइन उडून गेले की बिंदू पोकळ्यांच्या भिंतींना चिकटून राहतात, अशी पद्धत होती.

एक मर्यादा आरंभापासूनच ठाऊक होती. या जाळीत पूर्ण पट्टा-अंतराल उघडण्यासाठी घन भागाचा अपवर्तनांक हवेच्या सुमारे २.८ पटीहून अधिक लागतो आणि टायटॅनियम डायऑक्साइड तेथवर पोहोचत नाही. त्यामुळे उत्सर्जन पूर्ण थांबणार नव्हते. अवस्था-घनतेत एक उतार आणि त्यापुढे एक चढ एवढेच अपेक्षित होते. सिलिकॉनमध्ये पूर्ण अंतराल मिळते, पण सिलिकॉन दृश्य प्रकाश शोषून घेते, म्हणून या बिंदूंसाठी ते निरुपयोगी होते.

अडचण

पहिला चांगला स्फटिक तयार झाला तो सुमारे ४३० नॅनोमीटर जालक-अंतराचा, म्हणजे इतक्या अंतराने जाळीचा नमुना पुन्हा येतो असा. पृष्ठभागाला लंब दिशेने त्याचा वर्णपट घेतला तेव्हा बिंदूंच्या एरवी घंटेच्या आकाराच्या शिखरात ६१० नॅनोमीटरजवळ ठळक खळगा दिसला. त्याच जागी परावर्तनाचे शिखर होते. विद्यार्थ्याने दोन्ही आलेख एकावर एक ठेवले आणि उत्सर्जन रोखले गेल्याचा पुरावा मिळाला, असे टिपण मार्गदर्शकांकडे पाठवले.

त्याच आठवड्यात आयुःकालाचे मापन झाले आणि चित्र उलटे निघाले. बिंदूंचा क्षय, म्हणजे उत्तेजित अवस्थेतून खाली येणे, टोल्युइनमध्ये ज्या वेगाने होत होता त्याच्या जवळपास दुप्पट वेगाने तो स्फटिकात होत होता. वर्णपट सांगत होता की उत्सर्जन कमी झाले. घड्याळ सांगत होते की ते वाढले. शिवाय क्षयाची रेषा लॉगरिदमी आलेखावर सरळ न येता आरंभी तीव्र आणि पुढे मंद अशी वाकडी येत होती.

एका परिषदेसाठी सारांश पाठवण्याची मुदत तोंडावर होती. दोन्ही निरीक्षणे एकाच वेळी मांडता येत नव्हती आणि दोहोंपैकी सोयीचे तेवढे निवडणेही योग्य नव्हते. विद्यार्थ्याचा कल वर्णपटाकडे होता, तर संशोधकेचा आयुःकालाकडे. पर्सेलच्या परिणामामुळे वेग दुप्पट झाला असावा, असे तिला वाटत होते. मार्गदर्शकांनी सारांश पाठवला, पण त्यात नमुने बनवण्याची पद्धत आणि परावर्तनाची मापने एवढेच ठेवले आणि उत्सर्जनाविषयी एकही दावा केला नाही. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता. पुढचे सगळे निर्णय त्यामुळे घाईविना घेता आले.

दोन्ही अर्थ का टिकत नव्हते

वर्णपटातील खळगा खरा होता, पण तो उत्सर्जनाविषयी काही सांगत नव्हता. ४३० नॅनोमीटरच्या स्फटिकात पृष्ठभागाला समांतर प्रतलांमधील अंतर सुमारे २४८ नॅनोमीटर येते. सरासरी अपवर्तनांक १.२ ते १.२५ धरला तर लंब दिशेने ब्रॅग परावर्तन (समांतर प्रतलांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना बळ देतात तेव्हा होणारे परावर्तन) ६०० ते ६२० नॅनोमीटरच्या दरम्यान पडते. म्हणजे आत निर्माण झालेला नेमका त्या रंगाचा प्रकाश त्या एका दिशेने बाहेर पडू शकत नाही. तो आत परततो, जाळीतील बारीकसारीक दोषांवर विखुरतो आणि दुसऱ्या कोणत्या तरी कोनातून बाहेर येतो. पाट वळवला म्हणून झरा आटला असे होत नाही. बिंदू पूर्वीइतकेच फोटॉन देत असतील आणि तरीही डिटेक्टर जेथे बसवला आहे तेथे ते कमी पोहोचतील.

याची पडताळणी अर्ध्या दिवसाचे काम होते आणि ती लगेच करण्यात आली. नमुना थोडा-थोडा फिरवत वर्णपट घेतले तेव्हा खळगा लहान तरंगलांबीकडे सरकत गेला, ब्रॅगच्या नियमाने सरकायला हवा तसाच. आयुःकाल मात्र कोणत्याही कोनातून मोजला तरी जवळपास तोच आला. अणूला उत्सर्जनाचा एकच एकूण वेग असतो आणि तो सर्व दिशांच्या वाटा मिळून ठरतो. फोटॉन कोणत्या खिडकीतून टिपला यावर तो अवलंबून राहत नाही. विद्यार्थ्याला हे सूत्रातून माहीत होते. पण दोन्ही आलेख शेजारी-शेजारी लावून पाहिल्यावर त्याने स्वतःच आपले टिपण मागे घेतले.

आता दुप्पट वेगाचे काय? येथे तपशिलात शिरणे आवश्यक आहे, कारण या क्षेत्रातील बरेच वाद याच जागी उद्भवतात. क्षयाच्या आलेखात जो वेग दिसतो तो दोन वेगांची बेरीज असतो. एक फोटॉन देऊन खाली येण्याचा आणि दुसरा फोटॉन न देता खाली येण्याचा, म्हणजे अनुत्सर्जक. फोटॉनिक स्फटिकाची सत्ता फक्त पहिल्यावर चालते. टोल्युइनमधून काढून बिंदू टायटॅनियम डायऑक्साइडच्या भिंतीला चिकटवले की दुसरा वेग वाढण्याची निदान तीन कारणे संभवतात. बिंदूंच्या पृष्ठभागावरील सेंद्रिय रेणूंचे आवरण काही ठिकाणी निघून जाते आणि दोष उघडे पडतात. हवेतील ऑक्सिजन आणि लेसरचा प्रकाश यांच्या संगतीत पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण होते. आणि उत्तेजित इलेक्ट्रॉन थेट टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये उतरून जाऊ शकतो. क्वांटम बिंदूंवर आधारित सौरघटांत हीच शेवटची प्रक्रिया उपयोगी पडते. येथे ती मापनाच्या मुळावर आली. याशिवाय बिंदूभोवतीचे माध्यम द्रवाऐवजी हवा आणि ऑक्साइड यांचे झाले की उत्सर्जनाचा वेगही बदलतो, आणि त्यासाठी स्फटिक आवर्ती असण्याची मुळीच गरज नसते.

अशी चूक करणारा हा पहिला गट नव्हे. १९९८ मध्ये ओपलमधील रंगरेणूंच्या क्षयात झालेला बदल फोटॉनिक परिणाम म्हणून प्रसिद्ध झाला होता आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने त्या निष्कर्षावर जाहीर आक्षेप घेतला. तेव्हाही वादाचे मूळ हेच होते की तुलना नेमकी कशाशी करायची.

समोर असलेले पर्याय

यानंतरच्या बैठकीत फलकावर लिहिले गेलेले पर्याय सगळेच सारख्या वजनाचे नव्हते. द्रावणाशी तुलना चालू ठेवून अनुत्सर्जक वेगासाठी अंदाजे दुरुस्ती करावी ही सूचना फार वेळ टिकली नाही. जी राशी मोजलेलीच नाही ती वजा करण्यात अर्थ नव्हता.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या सपाट पातळ थरावर बिंदू ठेवून त्याच्याशी तुलना करणे हा पर्याय अधिक गंभीर होता. रासायनिक परिसर बराचसा जुळला असता आणि काम आठवड्याभरात झाले असते. पण सपाट थर हा स्वतःच एक प्रकाशीय रचना आहे. त्याच्या पृष्ठभागाजवळ अवस्था-घनता अंतरानुसार बदलते, म्हणजे संदर्भ म्हणून जी गोष्ट स्थिर हवी तीच तेथे स्थिर राहत नाही. शिवाय गोळे जळून तयार झालेली भिंत आणि पाण्यासारखा ओतून बनवलेला थर यांचे पृष्ठभाग रासायनिकदृष्ट्या एकच आहेत, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नव्हते.

तिसरा पर्याय म्हणजे त्रिमितीय स्फटिक सोडून द्विमितीय पट्टिकेकडे वळणे. पातळ अर्धवाहक पट्टिकेत छिद्रांची जाळी कोरून केलेल्या अशा रचनांत नोडा यांच्या गटाने २००५ मध्ये उत्सर्जन मंदावल्याचे आणि त्याचे पुनर्वाटप झाल्याचे दाखवले होते. एकेकटा क्वांटम बिंदू मोजण्याची सोयही तेथे असते, त्यामुळे निष्कर्ष स्वच्छ निघतात. पण त्यासाठी लागणारी कोरीवकामाची यंत्रणा गटाकडे नव्हती आणि विद्यार्थ्याचे दोन वर्षांचे कौशल्य बाजूला पडले असते. युरोपियमसारखे आयन वापरण्याचाही विषय निघाला. त्यांचा आयुःकाल मिलिसेकंदाच्या घरात असतो आणि वर्णरेषा अरुंद असतात, हे फायद्याचे होते. पण त्यांच्या काही रेषा विद्युत-द्विध्रुवी तर काही चुंबकी-द्विध्रुवी संक्रमणांच्या असल्याने अर्थ लावताना नवी गुंतागुंत पदरी पडली असती.

उरला तो पर्याय सर्वांत कष्टाचा होता. एकाच पद्धतीने, एकाच द्रव्यापासून, वेगवेगळ्या जालक-अंतरांच्या स्फटिकांची मालिका बनवायची आणि त्यांतील सर्वांत लहान अंतराचे स्फटिक संदर्भ म्हणून वापरायचे. जालक-अंतर ३०० नॅनोमीटरहून कमी असेल तर ६१० नॅनोमीटरच्या प्रकाशाला ती जाळी वेगळी जाणवत नाही. तो तिच्याकडे एकसंध माध्यम म्हणून पाहतो. भिंती त्याच, पृष्ठभाग तोच, बिंदू तेच. फरक फक्त आवर्तनाचा. २००४ मध्ये लोदाल आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या उलट्या ओपलमध्ये कॅडमियम सेलेनाइडच्या बिंदूंचा क्षय मोजला तेव्हा जालक-अंतर बदलत नेण्याचाच मार्ग धरला होता. म्हणजे हा मार्ग चोखाळलेला होता. प्रश्न एवढाच होता की गटाच्या हातून तितक्या दर्जाचे स्फटिक एकामागून एक निघतील का.

निर्णय आणि कार्यवाही

मार्गदर्शकांनी मालिकेचा पर्याय निवडला आणि त्याला तीन अटी जोडल्या. प्रत्येक स्फटिकाची गुणवत्ता बिंदू भरण्यापूर्वी परावर्तनावरून ठरवायची. परावर्तनाचे शिखर ठरावीक मर्यादेपेक्षा पसरट आले तर तो नमुना आयुःकाल मोजण्याआधीच बाद करायचा. सर्व नमुन्यांत बिंदू एकाच बाटलीतून आणि एकाच दिवशी भरायचे. आणि मापनाच्या क्षणापर्यंत सर्व नमुने नायट्रोजनमध्ये ठेवायचे. पहिली अट मला विशेष महत्त्वाची वाटते. आयुःकाल पाहून झाल्यावर नमुना चांगला की वाईट हे ठरवायला बसले की मन नकळत हव्या त्या उत्तराकडे झुकते.

मापनाची पद्धत एकेक फोटॉनची वेळ नोंदवण्याची होती. लेसरचा अतिशय छोटा स्पंद बिंदूंना उत्तेजित करतो, घड्याळ सुरू होते आणि पहिला फोटॉन डिटेक्टरवर पडताच थांबते. असे लक्षावधी वेळा केले की कोणत्या क्षणी किती फोटॉन आले याचा आलेख उभा राहतो. या पद्धतीत दोन सापळे असतात. एका स्पंदामागे फोटॉन फार येऊ लागले तर घड्याळ पहिल्यालाच धरते, उशिरा येणारे गाळले जातात आणि क्षय आहे त्यापेक्षा वेगवान भासतो. म्हणून शंभर स्पंदांमागे सरासरी एखाद-दुसराच फोटॉन टिपला जाईल इतका प्रकाश कमी ठेवला गेला. दुसरे असे की, लेसर जोरकस असेल तर एकाच बिंदूत दोन उत्तेजने एकदम तयार होतात आणि त्यांचा एकमेकांना संपवणारा अतिवेगवान क्षय आलेखाच्या आरंभी मिसळतो. संशोधकेने लेसरची तीव्रता टप्प्याटप्प्याने उतरवत नेली आणि आलेखाचा आकार बदलायचा थांबला त्या पातळीवर पुढची सर्व मापने केली. पहिल्या मापनातील आरंभीच्या तीव्र भागाचा काही अंश या सापळ्यातूनच आला होता, हे तेव्हा उघड झाले.

आलेख वाकडा येण्याचे कारण मात्र याने पूर्ण सुटले नाही. स्फटिकात कोट्यवधी बिंदू असतात. कोणी भिंतीच्या एका ठिकाणी बसलेला, कोणी दुसऱ्या. कोणाच्या द्विध्रुवाची (उत्सर्जन करणाऱ्या विद्युत दोलनाची) दिशा एक, कोणाची दुसरी. प्रत्येकाला मिळणारी स्थानिक अवस्था-घनता वेगळी, म्हणून प्रत्येकाचा वेगही वेगळा. अशा समूहाला एकच आयुःकाल चिकटवणे म्हणजे भिन्न वयांच्या माणसांचे एकच वय सांगण्यासारखे झाले असते. दोन घातांकी पदांची बेरीज लावून आकडे काढता येतात, पण त्या दोन पदांना भौतिक अर्थ नसतो. चर्चेअंती वेगांचे वितरण लॉगरिदमी-प्रसामान्य (ज्यात वेगांचे लॉगरिदम घंटेच्या आकारात पसरलेले असतात) धरून त्यातून सर्वाधिक आढळणारा वेग आणि वितरणाची रुंदी अशा दोन राशी काढायचे ठरले. पहिली राशी आवर्तनाचा परिणाम सांगते, दुसरी परिसर किती विषम आहे ते सांगते.

मालिका पूर्ण होत आली असताना एक अवघड क्षण आला. लहान अंतराच्या संदर्भ-स्फटिकांपैकी एकाचा वेग इतरांपेक्षा बराच जास्त निघाला. तो तसाच ठेवला तर संदर्भाची पातळी वर सरकते आणि मंदावण्याचा परिणाम फुगून दिसतो. वगळला तर परिणाम आटोपशीर, पण आलेख देखणा होतो. म्हणजे नमुना ठेवण्यातही स्वार्थ होता आणि वगळण्यातही. नोंदवहीत पाहिले तेव्हा त्या नमुन्याच्या डबीतील नायट्रोजनचा प्रवाह रात्रभर बंद राहिल्याची नोंद सापडली, आणि त्याच्या वर्णपटाचे शिखरही लहान तरंगलांबीकडे किंचित सरकलेले आढळले, जे ऑक्सिडीकरणाचे लक्षण आहे. तरीही त्या नमुन्याचा आकडा आलेखातून काढून टाकला गेला नाही. तो वेगळ्या खुणेने दाखवून संदर्भाची सरासरी काढताना बाजूला ठेवला आणि कारण मजकुरात दिले.

निष्पत्ती

क्षयाचा वेग जालक-अंतरासमोर मांडला तेव्हा ३०० नॅनोमीटरखाली तो सपाट होता, ४२० नॅनोमीटरच्या आसपास खाली उतरला आणि ५०० च्या आसपास संदर्भाच्याही वर गेला. तळ आणि शिखर यांच्यातील गुणोत्तर सुमारे दीडपट होते. अवस्था-घनतेच्या गणितातून येणाऱ्या आलेखाशी उतार आणि चढ यांच्या जागा जुळल्या. पहिल्या मापनातील दुप्पट वेगाचा येथे मागमूस नव्हता. उलट तो स्फटिक ज्या अंतराचा होता त्या अंतराला वेग संदर्भापेक्षा कमी होता. म्हणजे विद्यार्थ्याचा निष्कर्ष बरोबर होता, पण त्याने दिलेला पुरावा चुकीचा होता, आणि संशोधकेचा पुरावा योग्य जातीचा होता, पण तिची तुलना चुकीची होती.

दीडपट हा आकडा काहींना किरकोळ वाटेल. तो वाचताना अनुत्सर्जक वेग लक्षात ठेवावा लागतो. समजा संदर्भात दोन्ही वेग समसमान आहेत, म्हणजे निम्मेच बिंदू फोटॉन देऊन खाली येतात. अशा वेळी स्फटिकाने उत्सर्जनाचा वेग निम्मा केला तरी एकूण वेग केवळ २५ टक्क्यांनी घटतो. पाचांपैकी एकच बिंदू फोटॉन देत असेल तर तीच निम्म्याने घट एकूण वेगात १० टक्केच दिसते. तेव्हा मोजलेला बदल हा खऱ्या फोटॉनिक बदलाची खालची मर्यादा ठरते. गटाने शोधनिबंधात तसेच लिहिले आणि अनुत्सर्जक वेगाविषयी गृहीत धरून आकडा मोठा करण्याचे टाळले. शोधनिबंधाच्या परीक्षकांनी द्रावणातील आयुःकाल का दिला नाही असे विचारले. तो पुरवणीत देऊन त्याची तुलना का ग्राह्य नाही याचा एक परिच्छेद जोडण्यात आला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत ठळक गोष्ट म्हणजे गणिताचा क्रम. अवस्था-घनतेचे गणित मालिका संपल्यावर केले गेले. ते आधी केले असते, तर ४३० नॅनोमीटरला वेग वाढण्याची शक्यताच नाही हे दिसले असते आणि दुप्पट वेगाचा आकडा येताच संशयाची सुई रसायनाकडे वळली असती. असे गणित करताना एकूण अवस्था-घनता पुरत नाही. बिंदू भिंतीच्या पृष्ठभागावर बसतात, म्हणून त्या पृष्ठभागावरील जागांची आणि द्विध्रुवाच्या सर्व दिशांची सरासरी काढावी लागते. त्याला संगणकाचा वेळ लागतो हे खरे, पण स्फटिक वाळायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त नाही.

संदर्भ-स्फटिक सर्वांत शेवटी बनवले गेले, कारण ते दिसायला निरस असतात. त्यांच्यावर इंद्रधनुषी रंग खेळत नाहीत. माझ्या मते ते सर्वांत आधी बनायला हवे होते. त्यांच्यावर महिनाभर नजर ठेवली असती, तर नायट्रोजनमध्येही वेग किती सरकतो, भरण्याच्या एका खेपेतून दुसऱ्या खेपेत किती फरक पडतो, हे कळले असते आणि आलेखावरील त्रुटीपट्ट्या अधिक भरवशाच्या झाल्या असत्या. नमुने मोजण्याचा क्रमही चढत्या जालक-अंतराचा होता. दिवसभरात लेसर किंवा नमुना हळूहळू बदलत गेला असता, तर तो बदल जालक-अंतराचा परिणाम म्हणून दिसला असता. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला असता तर ही शंका उद्भवलीच नसती. शेवटी काही नमुने उलट्या क्रमाने पुन्हा मोजून तिचे निरसन करावे लागले.

क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे शंभर उत्तेजनांपैकी किती फोटॉन देतात हे प्रमाण, स्वतंत्रपणे मोजण्याचा प्रयत्न झाला नाही. ड्रेक्सहाग यांची आरशाची पद्धत त्यासाठी वापरता येते: आरशापासूनचे अंतर बदलल्यावर वेग कितीने वरखाली होतो यावरून उत्सर्जनाचा वाटा वेगळा काढता येतो. ती सपाट थरावरच चालते, म्हणून स्फटिकातील बिंदूंसाठी तिचे उत्तर जसेच्या तसे लागू पडले नसते; पण बिंदूंच्या त्या बाटलीची कमाल मर्यादा तरी कळली असती. याबाबत मार्गदर्शकांचे मत वेगळे आहे. बाटलीतील कार्यक्षमता भिंतीवर टिकतच नाही, तेव्हा तो आकडा वाचकाची दिशाभूल करेल, असे त्या म्हणतात. या मुद्द्यावर आमचे एकमत झालेले नाही.

पुढच्या टप्प्यासाठी बिंदूंवर सिलिकाचा पातळ थर चढवून इलेक्ट्रॉनची गळती अडवण्याचे काम सुरू झाले आहे. थर जाड केला तर गळती थांबते, पण बिंदू भिंतीपासून दूर सरकतो आणि त्याला मिळणारी स्थानिक अवस्था-घनताही बदलते. त्यामुळे थराची प्रत्येक जाडी हे नवे गणित ठरते, आणि तिच्यासाठी संदर्भ-स्फटिकही पुन्हा भरावे लागणार आहेत. या वेळी सुरुवात त्यांच्यापासूनच झाली आहे.